नाला बारमाही धरला तर

जमिनीचे त्रिकोण पाडायचे, हे माझं काम होतं. कधी न पाहिलेल्या कुठल्यातरी शहराखालची जमीन पडद्यावर बारीक त्रिकोणांमध्ये कापायची, प्रत्येक तुकड्याला तो माती आहे की खडक आणि त्यातून पाणी किती सहज झिरपतं ते सांगायचं, आणि मग विचारायचं की इथे खोदलं तर पाणी कुठे जाईल. पुण्याच्या कंपनीने आमचा विभागच बंद केला, तेव्हा मी सामान बांधून यवतमाळला आले. आईने दार उघडलं, बॅग घेतली आणि विचारलं, "जेवली काय?" मी हो म्हटलं. जेवले नव्हते. पण नाही म्हटलं असतं तर पुढे बोलावं लागलं असतं.

त्यानंतरचे महिने मला वेगवेगळे आठवत नाहीत. वाईट वाटत होतं असंही नाही. दात काढायच्या आधी डॉक्टर इंजेक्शन देतात आणि मग गाल आपलाच असून आपला नसतो, तसं काहीसं. सकाळी चहा, अर्ज, दुपारी पडद्याकडे पाहणं. कंपनीचं महागडं सॉफ्टवेअर आता माझ्याकडे नव्हतं. म्हणून मी एक मोफत सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. कुठल्या कुठल्या देशांतल्या लोकांनी मिळून ते लिहिलेलं होतं. माती आणि भूजल यांची तीच गणितं ते करायचं, फक्त बटणं कमी आणि लिहावं जास्त लागायचं. आतला सगळा कोड उघडा. अडलं की त्यांच्या चर्चेच्या पानावर प्रश्न टाकायचा. कुणीतरी अनोळखी माणूस शांतपणे उत्तर द्यायचा. तिथे पूर्ण नाव कुणी विचारत नसे. शाळेपासून कॉलेजपर्यंत आडनाव सांगताना मी समोरच्याचा चेहरा बघत आले होते. इथे चेहराच नव्हता. मला ते बरं वाटायचं, म्हणजे त्या दिवसांत जितकं काही बरं वाटू शकत होतं तितकं.

मामाला हे सगळं आईकडून कळलं. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. राजूरच्या पलीकडे एका गावात राहतो. गावाजवळ कोळशाची जुनी, जमिनीखालची खदान आहे. मामाचं शेत वस्तीला लागून, आणि शेताच्या कडेला आजोबांची विहीर.

ती विहीर आमच्या घरात नातेवाइकासारखी आहे. आजोबांनी दीक्षा घेतल्यावर काही वर्षांनी ती खोदली. त्याआधी वस्तीतल्या बायका गावविहिरीपासून दूर घागर ठेवून कुणीतरी पाणी वाढेल याची वाट बघत उभ्या राहायच्या. आजोबा म्हणाले होते, वाट बघणं बंद. गावातले हसले, त्या बरड जमिनीत पाणी लागणार नाही म्हणाले. पाणी लागलं. आणि पुढे भल्याभल्यांच्या विहिरी उन्हाळ्यात तळाला गेल्या, तरी आमची आटली नाही. आई हे ज्या आवाजात सांगते तो आवाज तिचा एरवीचा नाही. माझ्या शाळेत, पालकसभेत, ती गप्प बसायची. विहिरीबद्दल बोलताना तिचे खांदे सरळ होतात.

मामाला त्या विहिरीच्या भरवशावर संत्र्याची बाग लावायची होती. आजवर तो कापूस, तूर आणि थोडी वांगी-टमाटे करायचा. खदान वर्षअखेरीस कायमची बंद होणार, अशी पाटी लागली होती. खदानीतलं काम सुटलेली माणसं आता शेतीत येतील, भाजी सगळेच लावतील, आपण झाडं लावावी, असा त्याचा हिशेब. संत्र्याला फळ यायला चार-पाच वर्षं लागतात आणि तोवर एकही उन्हाळा कोरडा जाऊन चालत नाही. एवढा एकच प्रश्न होता. त्याने फोनवर विचारला.

"तुह्या कॉम्प्युटरले विचार ना, आपली विहीर संत्रं पोसन काय?"

"मामा, त्यासाठी माहिती लागते. आणि माझ्याकडे आता कंपनीचं सॉफ्टवेअर नाही. हे फुकटचं आहे."

"फुकट?" मामा थांबला. "मंग खरं कसं सांगन थे?"

मागून मामी म्हणाली, "तुम्ही बी तर फुकटच सल्ले देता गावाले. थे कोणतं खरं निघते?"

मी हो म्हटलं, कारण नाही म्हणण्यासाठी जास्त शब्द लागले असते.

मग काही आठवडे मामी रोज सकाळी मला फोन करायची. तिने दोरीला दगड बांधला होता आणि दोरीवर हातभर अंतराने चिंध्या. दगड पाण्याला टेकला की किती चिंध्या आत गेल्या ते सांगायचं. "मॅडम, लिहा," अशी ती सुरुवात करायची. मी इंग्रजी शाळेत गेले तेव्हापासून ती मला मॅडम म्हणते. आधी त्यात टोमणा होता, आता सवय आहे. मी मामाला जमिनीबद्दल विचारायचे. वर काळी माती किती, खाली मुरूम किती, मग दगड कसला. आजोबांनी सांगितलेलं त्याला पाठ होतं. खदान किती खोल, तेही त्याला ऐकून माहीत होतं.

अशा मॉडेलमध्ये मधली जमीन सोपी असते. अवघड असतात कडा. जमीन तर पुढे चालूच असते, पण पडद्यावर ती कुठेतरी संपवावी लागते, आणि जिथे संपवली तिथे काय होतं ते आपल्याला आधी सांगावं लागतं. इथून पाणी आत येतं, इथून येत नाही, इथे पाण्याची पातळी कायम अमुक राहते. सॉफ्टवेअर ते तपासत नाही. तुम्ही म्हणाल ते खरं धरून ते पुढचं सगळं इमानदारीने मोजतं.

आमच्या शेताच्या पश्चिमेला नाला आहे. मी मामाला विचारलं, "नाला उन्हाळ्यात वाहतो?"

"बारा महिने."

"एप्रिल-मेमध्ये सुद्धा?"

"अव बाई, बारा महिने म्हंजे बारा महिने. म्हशी बसतात त्यात."

मी त्या कडेला पाण्याची पातळी कायम धरली. खदानीचाही विचार केला. खदान जमिनीतलं पाणी ओढते, ती बंद झाली की ओढ थांबेल, म्हणजे विहिरीला झाला तर फायदाच. गणित चालवलं. चित्र निळं आलं. विहिरीच्या जागी उन्हाळ्यातही पाणी तळाच्या बरंच वर होतं. मामीच्या चिंध्यांशीही ते जुळत होतं.

मी चित्र मामाच्या फोनवर पाठवलं आणि खाली लिहिलं, "नाला असाच वाहत राहिला तर." ते वाक्य कुणी वाचलं असेल असं मला वाटत नाही. आईने चित्र पाहिलं आणि म्हणाली, "मी सांगत नव्हती?" मामाने शेतात खड्डे खोदायला घेतले. वैशाखाच्या उन्हात काळ्या मातीचे खड्डे तापू द्यायचे आणि पहिल्या पावसानंतर कलमं लावायची, अशी रीत आहे. कलमं किती हवीत ते रोपवाटिकेला पौर्णिमेपर्यंत कळवायचं होतं. मला आनंद झाला का, हे मी तेव्हा स्वतःला विचारून पाहिलं.

बुद्धपौर्णिमेच्या आधी वस्ती ती विहीर उपसते. आता घरोघरी नळ आहेत, तरी ही पद्धत मोडलेली नाही. मोटार लावून सगळं पाणी काढायचं, तळात उतरून गाळ काढायचा, आणि नव्या पाण्याची खीर पौर्णिमेला विहारात करायची. त्या वर्षी आई मला सोबत घेऊन गेली. "घरात बसून बसून पांढरी पडून राह्यली तू," ती म्हणाली. राजूरच्या चुनाभट्ट्यांवरून बस गेली तेव्हा झाडांची पानंही पांढरी दिसत होती.

आम्ही पोचलो तेव्हा उपसा सुरू झाला होता. काठावर बायका बसल्या होत्या. तळातून एकेक वस्तू वर येत होती आणि एक म्हातारी ती ओळखत होती.

"हे गडवं कोणाचं?"

"तुह्याच सुनेचं. मागच्या साली म्हणे चोरीले गेलं, साऱ्या वस्तीवर आळ घेतला."

"मंग आता विहिरीलेच न्या पोलीस ठाण्यात."

सगळ्या हसल्या. मीही हसले असेन. मी विहिरीच्या भिंतीकडे बघत होते. ओल फक्त एका बाजूने होती, पश्चिमेकडून. तिथूनही पाणी फक्त ठिबकत होतं.

"पाणी खूप हळू येतंय," मी मामाला म्हटलं.

"आज हळूच येईन. म्हणून तर आज ठेवला ना उपसा."

"म्हणजे?"

"खदानीचे पंप दुरुस्तीले बंद असतात उन्हाळ्यात एकडाव, दोन-तीन दिवस. थे सांगतात आपल्याले, मंग आपण दिवस धरतो. पंप चालू असले तं ही विहीर उपसून होत नाही बाप्पा. इकून काढा, तिकून भरते."

मी उठून नाल्यावर गेले. फार लांब नाही, मधे मामाचे खड्डे ओलांडावे लागतात. नाल्यात पाणी नव्हतं. डबकी होती, दगडांवर शेवाळ सुकायला लागलं होतं. एक म्हैस चिखलात बसून माझ्याकडे बघत होती. वरच्या अंगाला, खदानीच्या बाजूला, सिमेंटचा जाड पाइप नाल्यात तोंड काढून होता. तो कोरडा होता.

मामा मागून आला. मी विचारलं, "नाला थांबतो असा?"

"पंप बंद असले की थांबतेच."

"मग बारा महिने का म्हणालास?"

"मंग वाहते ना बारा महिने. हे दोन-तीन दिवस काय धरायचे?"

"मामा, म्हणजे नाल्यातलं पाणी खदानीतून उपसलेलं आहे. मला सांगितलं नाही कुणी."

"त्यात सांगाचं काय हाय? साऱ्यायले माहीत हाय." तो खरंच चक्रावला होता. सूर्य पूर्वेला उगवतो हे मला कुणी सांगितलं नाही अशी मी तक्रार करावी, असा त्याचा चेहरा होता.

सगळ्यांना माहीत होतं की पंप बंद असतील तेव्हाच विहीर उपसता येते. सगळ्यांना माहीत होतं की खदान बंद होणार. आणि ही दोन वाक्यं गावात कुणी एका श्वासात म्हटली नव्हती. मीही त्यांचीच. पातळी कायम, असं मी टाइप केलं होतं, कारण बारा महिने हा शब्द मला घरचा वाटला होता.

मामाला मी तिथे काही बोलले नाही. त्याच्या घरी मागच्या खोलीत लॅपटॉप उघडला आणि पश्चिमेची कड बदलली. नाल्यात फक्त पावसाळ्यात पाणी, बाकी काळ काही नाही. सॉफ्टवेअरने थोडा वेळ घेतला. चित्र आलं, आणि विहिरीची रेष उन्हाळ्यात तळाखाली गेली. मी पुन्हा चालवलं. बंद खदानीत साचलेलं पाणी पुढे कधीतरी वर चढेल, ते मी धरून पाहिलं, पण खदान खोल होती आणि मधे चिकणमातीचा जाड थर. त्याला किती वर्षं लागतील ते मी सांगू शकत नव्हते, आणि संत्र्याची झाडं थांबणार नव्हती. विहिरीचा तळ आणि पाण्याची रेष यांच्यामधली पांढरी जागा मी बघत बसले. आत काही हललं नाही. फक्त हात गार पडले होते, बाहेर वैशाख असून.

मी आधी आईला ती रेष दाखवून सांगितलं. ती विहारातली भांडी घासायला घेऊन आली होती. तिने ऐकून घेतलं.

"म्हंजे तू काय म्हणून राह्यली? आबाच्या विहिरीत आबाचं पाणी नाही?"

"पाणी आहे. पण पावसाचं पाणी हिवाळा संपेपर्यंतच पुरेल. पुढचं नाल्यातून झिरपतं."

"त्या डब्याले काय माहीत? त्यानं पाह्यली काय विहीर?"

"आई, कड मीच चुकीची दिली होती."

"मंग आता बी चुकली असशीन." तिने भगोणं जोरात पालथं ठेवलं. "भावाले काही सांगू नको. पौर्णिमा होऊ दे. त्यानं किती दिवसाची हौस धरली हाय."

"पौर्णिमेलाच तो फोन करणार आहे."

तिने हातात राख घेतली आणि पुढचं भांडं ओढलं.

पौर्णिमेला वंदना झाली, खीर झाली. उपसा होऊन काही दिवस झाले होते, पंप परत सुरू झाले होते आणि विहीर नेहमीसारखी भरली होती. काठावरून बघितलं असतं तर माझ्या चित्रावर माझाही विश्वास बसला नसता. जेवून मामा ओसरीवर बसला आणि चष्मा लावून फोनमध्ये रोपवाटिकेचा नंबर शोधू लागला. मामी म्हणाली, "मोसंबी बी दोन-चार घ्या. मॅडमले आवडते."

मी तोंड उघडलं. वाक्य तयार होतं, मराठीत, मनात पुन्हा पुन्हा म्हणून पाहिलेलं. ते बाहेर आलं नाही. वर्गात उत्तर येत असून हात वर जायचा नाही, तसं.

"थांब रे भाऊ," आई म्हणाली.

मामाने चष्म्यावरून पाहिलं.

"फोन नको करू. ही पोरगी म्हणते, खदान बंद झाली का विहीर आटन."

"हे आता काय नवीन?" तो माझ्याकडे वळला. "तूच तं निळं चित्र पाठोलं."

मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते मलाही माहीत नाही.

"तिले नको विचारू. मी सांगते." आईकडे आम्ही सगळेच बघत होतो. ती उंबऱ्यावर बसली होती, पदर गुडघ्याखाली दाबून. "आटत जाय ते विहीर. तू झाला नव्हता, नाहीतं पाळण्यात असशीन. वैशाखात आबा मले कमरेले दोर बांधून खाली सोडत. मी लहान, मले तळात बसता ये. दगडाच्या सांदीत जमलेलं पाणी वाटीनं भराचं, वाटी घागरीत. एक घागर भरता भरता माह्ये पाय बधिर होत. वर आली का आई मले उन्हात बसवे."

विहाराच्या बाजूने भांड्यांचा आवाज येत होता.

"मंग खदानीनं नवं काम काढलं, पाणी नाल्यात सोडलं. त्या साली विहीर आटली नाही. पुढच्या साली बी नाही."

"तू तं जलमभर सांगत आली, आटलीच नाही कधी."

"आबा सांगत जाय. वस्ती सांगत जाय. गावासमोर कोण म्हणन का आमच्या विहिरीत खदानीचं पाणी हाय?" तिने पदर पुन्हा दाबला. "मंग मी बी सांगू लागली. सांगता सांगता मले ते वाटीचं पाणी आठोतच नव्हतं. हिनं त्या दिवशी ते रेघ दाखोली तवा आठोलं."

मामाने चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला, परत घातला, परत काढला. मग नंबर लावला. "हां, नमस्कार. थे संत्र्याचं सांगितलं होतं ना... नाही, यंदा राहू द्या. नाही नाही, किमतीचं काही नाही. झाडाच्या बुडाले पाणी नाही." पलीकडचा काहीतरी बराच वेळ बोलत होता. मामा हं, हं करत राहिला. फोन ठेवून म्हणाला, "म्हणते, बोअर मारा. त्याच्या काय बापाचं जाते."

"आता त्या खड्ड्याइचं काय?" मामीने विचारलं.

"त्यात तुले पुरतो."

"मंग मोठे खोदाले पाह्यजे होते," मामी म्हणाली आणि ताटं उचलून आत गेली. आत तिने नळ सोडला, आणि तो बराच वेळ चालू राहिला.

मामा माझ्याशी त्या दिवशी बोलला नाही. रागाने नसावा. तो आईकडेही बघत नव्हता. आई उंबऱ्यावरून उठली ती विहिरीकडे गेली आणि काठावर दोन्ही हात टेकून आत बघत उभी राहिली. मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले. पाणी वर होतं, त्यात आम्ही दोघी दिसत होतो. काहीतरी म्हणावं असं मला वाटलं. मग मी मामीची दोरी सोडून पातळी मोजली, आणि तिने चिंध्या मोजल्या. कुणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा फावडं घेऊन निघाला तेव्हा मी दुसरं फावडं घेतलं. त्याने नको म्हटलं नाही. आम्ही ओळीने खड्डे बुजवत गेलो. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "तूर तं होईन ना? का तिले बी कॉम्प्युटर लागते?"

"तुरीला पाऊस पुरतो."

"मंग तूर टाकतो."

उन्हात पडलेली काळी माती सुकून ढेकळं झाली होती, आणि ढेकळांच्या मधे पोकळी राहते. म्हणून खड्डा भरून जायचा तरी बाजूला ढीग उरायचा. पायाने दाबलं तरी सगळी माती परत मावत नव्हती. याचं कारण मला माहीत होतं, त्याचं सूत्रही येत होतं. उरलेली माती आम्ही टोपल्यांनी उचलून धुऱ्यावर, शेताच्या बांधावर टाकली.